ज्वालामुखी शांत असतो तेव्हाचं काम

सक्रिय ज्वालामुखीवर भूकंपमापक बसवताना पहिला दगा देतं ते होकायंत्र. भूकंपमापकाचे तीन घटक असतात: एक उभा, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम. उत्तर चुकली की लाट कुठून आली हेही चुकतं. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज भरपूर असतं, त्यामुळे सुई सहज दहा अंश, कधी त्याहूनही जास्त भलतीकडे वळते. दोन पावलं बाजूला सरकून पाहिलं तर तिसरंच उत्तर. म्हणून होकायंत्रावर न विसंबता जीपीएसने दोन बिंदू घ्यायचे, एक खड्ड्यावर आणि दुसरा तिथून दिसणाऱ्या तीनशे मीटरवरच्या खुणेवर. त्या रेषेची खरी दिशा गणिताने काढायची आणि दोरी ताणून तीच रेषा खड्ड्यात उतरवायची. हातातल्या जीपीएसची चूक तीनेक मीटर धरली, तरी दिशेची चूक अंशभराच्या आत राहते.

खड्डा साधारण मीटरभर खोल हवा. त्यात बूड कापलेला प्लास्टिकचा पिंप उतरवतात आणि तळाला काँक्रीटचा सपाट ओटा ओततात. हा ओटा पिंपाच्या भिंतीला कुठेही चिकटता कामा नये. चिकटला तर वाऱ्याने पिंप हलतो, पिंपाने ओटा हलतो आणि वर्षभर ज्वालामुखीऐवजी वाऱ्याचीच नोंद होत राहते. ओटा पूर्ण सुकल्यावर उपकरण पाणसळीत आणायचं, भोवती फोमचं आवरण घालायचं, झाकणावर माती ओढायची. ब्रॉडबँड, म्हणजे जलद आणि संथ दोन्ही लाटा टिपणाऱ्या भूकंपमापकाला तापमानाचा चढउतार अजिबात सोसत नाही. उन्हाने हवा जरा तापली तरी संथ लाटांच्या नोंदीत रोज एक खोटी टेकडी उमटते. केबल बाहेर काढताना तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत शिरण्याऐवजी झोळापाशी टपकून जातं. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून ती धातूच्या नळीतून न्यायची.

विजेचा हिशेब आधी कागदावर करावा. भूकंपमापक, नोंदयंत्र आणि रेडिओ मिळून सतत ५ वॅट खात असतील तर दिवसाला १२० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास असतात, पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाताशी आले ६०० वॅट-तास, पाच दिवस. सौर पट्टीवर राखेचा थर बसला की चार्जिंग थांबतं, आणि राख तर नेमकी आपल्याला नोंद सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच पडते. त्यामुळे मुखाजवळच्या ठाण्यावर दोन किंवा तीन बॅटऱ्या ठेवाव्यात आणि पट्टी अक्षांशाला लागते त्याहून जास्त तिरकी लावावी. थोडी वीज कमी मिळते, पण राख आणि बर्फ घसरून जातात. पट्टीमागच्या जोडण्या वायूंच्या आम्लाने हिरव्या पडतात. प्रत्येक फेरीत त्या उघडून घासायच्या आणि ग्रीस लावून परत बंद करायच्या.

ही सुरुवात मुद्दाम खड्ड्यापासून केली. ज्वालामुखीशास्त्राच्या पेशाचा कणा इथे आहे. उद्रेकाचे दिवस कमी असतात, शांत वर्षं पुष्कळ. त्या शांत वर्षांची अखंड नोंद हाताशी नसेल तर उद्रेकाच्या आठवड्यात दिसणाऱ्या कुठल्याही आकड्याला अर्थ नसतो. दिवसाला चाळीस लहान भूकंप ही धोक्याची खूण आहे का? एखाद्या डोंगराचं ते रोजचं श्वास घेणं असतं, दुसऱ्याच्या बाबतीत तेवढ्यावर गाव हलवावं लागतं. हा फरक पुस्तकात सापडत नाही. त्या त्या डोंगराच्या दहा-वीस वर्षांच्या नोंदीत सापडतो.

फिलिपिन्समधल्या पिनाटुबोकडे १९९१च्या सुरुवातीला अशी नोंद नव्हती. २ एप्रिलला वाफेचे स्फोट झाले, त्यानंतर घाईने भूकंपमापक बसले, आणि १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. हाताशी होते जेमतेम दहा आठवडे. तिथे उणीव भरून काढली ती खडकांनी. उतारांवर जुन्या अग्निराशींचे, म्हणजे तप्त राख-वायूच्या लोंढ्यांचे थर होते आणि त्यांत अडकलेला लाकडाचा कोळसा होता. कार्बन-१४ने त्या कोळशाचं वय काढल्यावर कळलं की हा डोंगर फार क्वचित जागा होतो, पण जागा होतो तेव्हा मोठ्याने. धोक्याचा नकाशा मुख्यतः या थरांच्या आधारावर बनला. फिलिपिन्सची ज्वालामुखी संस्था फिव्होल्क्स आणि अमेरिकी भूसर्वेक्षण यांच्या चमूने तो नकाशा वापरून लोकांना १०, २०, ३० आणि शेवटी ४० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर काढलं. उपकरणांचं आकर्षण असलेल्या विद्यार्थ्यांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, कुदळ आणि हातभिंग सोडू नका.

भूकंपनोंद वाचणं हे रोजचं काम आणि ते डोळ्यांनीच शिकावं लागतं. ज्वालामुखीवरचे भूकंप ढोबळमानाने तीन जातींचे. खडक तुटतो तेव्हा साध्या भूकंपासारखी नोंद येते: आधी प्राथमिक लाट, मग दुय्यम लाट, दोन्हींची सुरुवात धारदार. दुसरी जात दीर्घकालिक भूकंपांची. त्यांची कंपनं साधारण अर्धा ते पाच हर्ट्झची असतात, सुरुवात धूसर असते आणि दुय्यम लाट वेगळी दाखवता येत नाही. भेगेत अडकलेला वायू किंवा शिलारस घुमतो त्याचा हा आवाज. तिसरी जात अखंड थरथरीची, मिनिटं, तास किंवा दिवसन् दिवस चालणारी. कोलंबियातल्या गालेरासवर दीर्घकालिक भूकंपांचा एक खास प्रकार दिसला. एका ठाम कंपनाने सुरू होऊन ती नोंद हळूहळू निमुळती होत जाते, अगदी स्क्रूसारखी, म्हणून तिचं नावच स्पॅनिशमध्ये 'तोर्नियो', स्क्रू. १४ जानेवारी १९९३ला शास्त्रज्ञांचा गट गालेरासच्या विवरात असताना स्फोट झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. आधीच्या दिवसांत असे मोजके तोर्नियो नोंदले गेले होते, पण या खुणेचं वजन तेव्हा पुरतं ओळखलेलं नव्हतं.

नवख्या माणसाला मात्र खऱ्या भूकंपापेक्षा खोटे जास्त छळतात. वारा एकाच ठाण्यावर दिसतो, शेजारच्या ठाण्यावर नाही. ट्रक दिवसा येतात, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी जवळजवळ नाहीत. वर्णपटात, म्हणजे कुठल्या क्षणी किती हर्ट्झची कंपनं आली त्या चित्रात, हेलिकॉप्टरची नोंद म्हणजे समान अंतरावरच्या रेषा, जवळ येताना चढ्या आणि लांब जाताना एकदम उतरत्या. दरड कोसळते तेव्हा आकार चातीसारखा होतो, दोन्हीकडे निमुळता, मधे फुगीर. हिमनदी सरकली की हुबेहूब दीर्घकालिक भूकंप वाटतो. दूरच्या देशातला मोठा भूकंप सगळ्या ठाण्यांवर जवळपास एकाच वेळी संथ लाटा आणतो. म्हणून कुठलीही खूण दिसली की आधी तीन प्रश्न विचारायचे: किती ठाण्यांवर आहे, कुठल्या ठाण्यावर आधी पोचली, आणि काल याच वेळी काय होतं.

भूकंपाची जागा ठरवायला किमान चार ठाणी लागतात आणि ती डोंगराच्या चारही अंगांना हवीत. सगळी एकाच बाजूला असली तर संगणक जागा देतो खरा, पण ती किलोमीटर-दोन किलोमीटर सरकलेली असते. खोलीची गोष्ट अजून नाजूक. भूकंप दोन किलोमीटर खोल असेल आणि सर्वांत जवळचं ठाणं सहा किलोमीटरवर असेल, तर खोलीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. शिलारस वर चढतोय की नाही हा प्रश्न खोलीवरच उभा असतो. म्हणूनच मुखाजवळचं ठाणं सगळ्यात मोलाचं, आणि दगड-राखेखाली सगळ्यात आधी मरतं तेही तेच.

जमीन फुगते का हे पाहायला झुकावमापक, जीपीएस आणि उपग्रहाचं रडार अशी तीन साधनं आहेत. झुकाव मायक्रोरेडियनमध्ये मोजतात. एक किलोमीटर लांब फळीचं एक टोक एक मिलिमीटर उचललं की होतो तो एक मायक्रोरेडियन. इतकं हळवं यंत्र पावसाने भिजलेल्या मातीलाही दाद देतं, म्हणून ते शक्य तितक्या खोल छिद्रात बसवतात आणि पावसाची नोंद शेजारीच ठेवतात. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटीमीटर आहे, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या नोंदींची जोडी लावून बनवलेल्या चित्रातला रंगांचा एक पूर्ण पट्टा म्हणजे जमिनीची उपग्रहाच्या दिशेने सुमारे २.८ सेंटीमीटर हालचाल. पट्टे मोजायचे आणि गुणायचं, इतकं ते सोपं दिसतं. पण उंच डोंगरावर पायथ्याच्या हवेत बाष्प जास्त आणि माथ्यावर कमी असतं. दोन फेऱ्यांमध्ये हे बाष्प बदललं की चित्रात डोंगराच्या आकाराचीच खोटी फूग उमटते. उंचीच्या रेषा आणि रंगाचे पट्टे एकमेकांवर तंतोतंत बसले तर आधी हवेवर संशय घ्यावा. एका जोडीवरून कधीच निष्कर्ष काढू नये. तीच फूग वेगवेगळ्या तारखांच्या जोड्यांत दिसली तरच मानावी.

आता वायू. या भागावर जरा रेंगाळायला हवं, कारण इथे चुका सहज होतात आणि पटकन लक्षात येत नाहीत.

शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो, म्हणून शिलारस खोल असतानाच तो सुटायला लागतो. सल्फर डायऑक्साइड बराच वर आल्यावर सुटतो. मुखातून येणाऱ्या धुरात पहिल्याचं दुसऱ्याशी गुणोत्तर वाढलं तर खालून नवा शिलारस भरतोय अशी शंका घेता येते. इटलीतल्या एटना आणि स्ट्रॉम्बोलीवर अशी वाढ उद्रेकांच्या आधी मोजली गेली आहे.

गुणोत्तर मोजायला मल्टिगॅस नावाची पेटी असते. छोटा पंप हवा ओढतो, ती हवा एकामागून एक संवेदकांवरून जाते: सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी विद्युत-रासायनिक, कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांचा. साध्या हवेतच कार्बन डायऑक्साइड दशलक्षात चारशेच्या वर असतो. तो वजा केला नाही तर विरळ धुरात गुणोत्तर अफाट मोठं दिसतं. वजाबाकीचा आकडाही पुस्तकातला नको, त्याच दिवशी वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन मोजलेला हवा, कारण झाडी आणि माती त्यात आपली भर घालतात. दुसरी अडचण वेगाची. एक संवेदक काही सेकंदांत प्रतिसाद देतो, दुसरा त्याच्या दुप्पट वेळ घेतो. वाऱ्याचा झोत आला-गेला की दोन्ही आलेखांचे कळस वेगवेगळ्या क्षणी येतात आणि बिंदू-बिंदू भागाकार केला तर निव्वळ कचरा मिळतो. आधी कळस एका रेषेत आणायचे, मग दोन वायूंचा एकमेकांसमोर आलेख काढून त्याचा उतार घ्यायचा. तिसरी गोष्ट, हायड्रोजन सल्फाइडचा संवेदक सल्फर डायऑक्साइडलाही काही अंशी दाद देतो. माहीत असलेल्या मिश्रणाच्या नळकांड्याने दर मोहिमेआधी हा अंश मोजून ठेवायचा. संवेदक म्हातारा होतो तसा हा अंशही बदलतो.

दिवसाला किती टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, हे काढायची तऱ्हा वेगळी. हा वायू सुमारे ३०० ते ३३० नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषतो. वर तोंड केलेली छोटी दुर्बीण आणि वर्णपटमापक गाडीवर बसवायचा आणि धुराच्या पट्ट्याखालून आडवं जायचं. शोषणावरून धुराच्या आडव्या छेदात एकूण किती वायू आहे ते मिळतं, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की दर मिळतो. सगळी मेख या वाऱ्यात आहे. वेग सेकंदाला ४ मीटर धरला आणि खरा ६ होता, तर उत्तर दीडपटीने चुकलं. हवामान खात्याचा अंदाज धुराच्या उंचीवरचा हवा, जमिनीवरचा नको.

आकडा बरोबर आला तरी अर्थ उलटा लागू शकतो. पिनाटुबोवर सल्फर डायऑक्साइड १३ मेला दिवसाला सुमारे ५०० टन होता, २८ मेपर्यंत तो ५,००० टनांवर गेला आणि त्यानंतर एकदम घसरला. घसरला म्हणजे निवला, असं वरवर वाटतं. चमूला भीती वाटली ती उलट होती: वाट बुजली असेल आणि दाब आत साचत असेल. घसरण ही नेहमी बातमी असते, चांगली की वाईट ते बाकीच्या नोंदींवरून ठरतं. ओल्या डोंगरात भूजल सल्फर डायऑक्साइड विरघळवून टाकतं, त्यामुळे खाली शिलारस असूनही वर काहीच दिसत नाही. तिथे आधी कार्बन डायऑक्साइड पाहायचा.

वाफेच्या छिद्रातून थेट नमुना घ्यायचा असेल तर काचेची निर्वात बाटली लागते, आत कॉस्टिक सोड्याचं द्रावण. छिद्रात टायटॅनियमची नळी खुपसायची आणि भोवतीची फट ओल्या राखेने लिंपायची. लिंपण सुटलं तर हवा शिरते, आणि प्रयोगशाळेत ऑक्सिजन दिसला की तो नमुना बाद. वाफ नळी गरम करेपर्यंत थांबायचं, नाहीतर नळीतच पाणी साचून गंधक तिथेच अडकतो. मग तोटी हळूच उघडायची. आम्लधर्मी वायू द्रावणात विरघळतात, वाफेचं पाणी होतं, आणि हायड्रोजन, नायट्रोजन, मिथेन, हेलियम वरच्या पोकळीत राहतात. बाटली हलवत राहायची, ओल्या फडक्याने थंड ठेवायची. आधीचं आणि नंतरचं वजन लिहिल्याशिवाय त्या नमुन्याचा उपयोग नाही.

वाहत्या लाव्हाचा नमुना हा या सगळ्यात दिसायला देखणा आणि करायला झटपट. बेसाल्टचा लाव्हा साधारण ११५० अंश सेल्सिअसचा असतो. जाड चामडी हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, सुती किंवा लोकरी कपडे घालायचे, कृत्रिम धाग्याचे कदापि नाही, ते वितळून कातडीला चिकटतात. हातोडीच्या टोकाने गोळा उचलायचा आणि काही सेकंदांत पाण्याच्या बादलीत बुडवायचा. उशीर झाला तर थंड होताना नवे स्फटिक वाढतात आणि लाव्हाची मूळची अवस्था हरवते. झटकन विझवलेल्या नमुन्याची काच होते, आणि त्या काचेतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवरून तापमान काढता येतं. हवाईच्या किलावेयासाठी १९८७मध्ये मांडलेलं समीकरण अगदी साधं आहे: टक्केवारीला २०.१ने गुणा आणि १०१४ मिळवा. सात टक्के असेल तर सुमारे ११५५ अंश. २०१८ साली किलावेयाच्या पूर्वेकडच्या भेगेतून आधी थंड, घट्ट, जुना साठलेला शिलारस आला. नमुन्यांच्या रासायनिक तपासणीत मे महिन्यातच तो बदलताना दिसला, माथ्याकडचा ताजा, जास्त तापलेला आणि पातळ शिलारस पोचत होता. पातळ लाव्हा लांब आणि वेगाने जातो. त्या उद्रेकात सातशेहून अधिक घरं गेली.

जिवाच्या धोक्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. १८ मे १९८०ला अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचा उत्तर उतार कोसळला. तो उतार रोज दीड-दोन मीटर फुगत होता आणि हा वेग शेवटपर्यंत बदलला नव्हता. आदल्या रात्रीपर्यंतच्या मोजमापात वेगळी सूचना नव्हती. अमेरिकी भूसर्वेक्षणाचा डेव्हिड जॉन्स्टन मुखापासून सुमारे दहा किलोमीटरवर निरीक्षणाला होता, तरी वाचला नाही. ३ जून १९९१ला जपानच्या उन्झेनवर अग्निराशीत ४३ जण गेले, त्यात ज्वालामुखीशास्त्रज्ञ मोरिस आणि कातिया क्राफ्त आणि हॅरी ग्लिकेन होते. २७ सप्टेंबर २०१४ला जपानचाच ओंताके फुटला तेव्हा इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची होती. थरथर ११ मिनिटं आधी सुरू झाली आणि झुकाव फक्त सात मिनिटं आधी बदलला. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. वाफेचे स्फोट असेच असतात, त्यांना नवा शिलारस वर यावा लागत नाही, कोंडलेलं गरम पाणी पुरतं. त्यामुळे विवरातला वेळ हा खर्च आहे असं समजून मोजावा. कुठलं काम विवरातच करायला हवं आणि कुठलं कड्यावरून चालेल हे निघण्याआधी ठरवायचं, आत जाणारे कमीत कमी ठेवायचे आणि एक माणूस बाहेर बसून भूकंपनोंद पाहात रेडिओवर राहिला पाहिजे.

दगड उडायला लागले तर पाठ फिरवून पळू नये. वर पाहायचं, आपल्याकडे येणारा दगड हेरायचा आणि शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचं. मुखवट्याला आम्लवायूची डबी आणि कणांची गाळणी दोन्ही लागतात, पण ती डबी कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, गंधहीन, आणि खोलगट जागेत साचतो. वारा पडलेल्या पहाटे घळीत वाकून उपकरण काढणं हा नमुन्याच्या कामातला सर्वांत फसवा क्षण आहे. हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा घेऊ नये. कमरेला वायूचा गजर लावायचा आणि तो वाजला की प्रश्न न विचारता उंच जागी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं.

मग येतं सांगण्याचं काम, आणि बऱ्याच भूवैज्ञानिकांना ते उपकरणांपेक्षा अवघड जातं. कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझचा धोका-नकाशा १३ नोव्हेंबर १९८५च्या उद्रेकाआधी महिनाभर तयार होता आणि आर्मेरो शहर त्यात धोक्याच्या पट्ट्यात होतं. उद्रेकाने माथ्याचं बर्फ वितळलं, चिखलाचा लोंढा सत्तरेक किलोमीटर दरीतून आला आणि त्याला सुमारे अडीच तास लागले. अडीच तासांत माणूस चालत टेकडीवर पोचतो. तरी सुमारे २३ हजार लोक गेले, कारण नकाशा आणि माणूस यांच्यामधली साखळी तुटलेली होती. याच्या उलट बाजूला कॅरिबियनमधलं ग्वाडलूप बेट, १९७६: सत्तर हजारांहून अधिक लोक महिनोन् महिने हलवले गेले, शास्त्रज्ञ वृत्तपत्रांतून एकमेकांवर तुटून पडले आणि मोठा उद्रेक झालाच नाही. या दोन्ही अनुभवांनंतर वेधशाळा 'होईल' किंवा 'नाही होणार' असं न सांगता शक्यतांची फांद्यांसारखी मांडणी करतात: पुढच्या महिन्यात काही न होता शांत होण्याची शक्यता इतकी, लहान स्फोटाची इतकी, मोठ्याची इतकी. संकटात एकाच तोंडाने बोलायचं. वाद खोलीत मिटवायचे, पण मतभेद किती आहे हे शक्यतेच्या आकड्यांत उतरलं पाहिजे.

विमानांसाठीची भाषा वेगळी आणि नेमकी आहे, वाढत्या धोक्याचे चार रंग: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. जगाचं आकाश नऊ ज्वालामुखी-राख केंद्रांत वाटलेलं आहे आणि वेधशाळेचा पहिला फोन तिथे जातो. २४ जून १९८२ला इंडोनेशियातल्या गालुंगुंगच्या राखेत एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती, नंतर खाली येताना ती सुरू झाली. राख इंजिनात वितळते आणि पात्यांवर काचेसारखी बसते. खाली घरांच्या छपरांचा प्रश्न असतो. १० सेंटीमीटर कोरडी राख चौरस मीटरला साधारण ६५ ते १०० किलो भरते, पाऊस पडला की जवळपास दुप्पट. पिनाटुबोच्या दिवशी वादळी पाऊस होता आणि बरेचसे मृत्यू छपरं कोसळून झाले.

या क्षेत्रात यायचं असेल तर भूविज्ञान किंवा भौतिकशास्त्राची पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, आणि संशोधनाची जागा हवी असेल तर पीएचडी. जागा कमी आहेत, हे आधीच माहीत असावं. बहुतेक नोकऱ्या सरकारी वेधशाळांत आणि विद्यापीठांत असतात. पण वेधशाळेला नुसते पीएचडीवाले पुरत नाहीत. रेडिओ-दुवा जुळवणारा, सोल्डरिंग नीट करणारा आणि खराब हवामानात ठाणं उभं करणारा तंत्रज्ञ मिळणं त्याहून कठीण असतं. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं गणित कच्चं राहतं आणि भौतिकवाल्यांना खडक ओळखता येत नाहीत. आपली कच्ची बाजू कोणती ते पहिल्या वर्षीच ओळखून त्या बाजूचा एक विषय जास्तीचा घ्यावा. पायथन आणि त्यातलं ऑब्सपाय हे मोफत साधन आता रोजच्या वापरातलं आहे. नकाशाप्रणाली, प्रथमोपचार आणि स्पॅनिश किंवा इंडोनेशियन यांपैकी एक भाषा, यांचा उपयोग सुरुवातीपासून होतो.

घरबसल्या हात बसवायला एक सराव सुचवते. अलास्काच्या रिडाउट ज्वालामुखीची मार्च २००९ची भूकंपनोंद सार्वजनिक आहे, ऑब्सपायने ती उतरवता येते. आधी पूर्ण एक दिवस घ्या आणि यंत्राची मदत न घेता, डोळ्यांनी प्रत्येक घटनेला नाव द्या: तुटण्याची, दीर्घकालिक, थरथर, वारा. मग वर्णपट काढून तीच यादी तपासा. किती नावं बदलावी लागतात ते लिहून ठेवा, पुढच्या दिवसाच्या नोंदीत तो आकडा कमी झाला पाहिजे. शेवटी स्फोटांच्या आधीची मिनिटं पाहा. लहान भूकंप एकमेकांच्या इतक्या जवळ येतात की त्यांची अखंड थरथर होते, तिचा सूर सरकत सरकत ३० हर्ट्झच्या आसपास चढतो, आणि मग साधारण अर्धा ते एक मिनिट काहीच नाही. त्या शांततेनंतर स्फोट येतो. हीच फाईल साठपट वेगाने ध्वनीत बदलून हेडफोनवर ऐका, चढणारा सूर कानाला लगेच कळतो.